गुऱ्हाळ हा शब्द वाचता येणं

दौंड तालुक्यात केडगाव, राहू, पारगाव या पट्ट्यात हिवाळ्यात फिरताना गाव दिसायच्या आधी त्याचा वास येतो. उसाचा रस काहिलीत आटत असतो. वाटेच्या कडेला पत्र्याची शेड, तिच्या डोक्यावर धुराडं, अंगणात वाळत घातलेली चिपाडं आणि रस्त्याकडच्या पत्र्यावर रंगवलेली अक्षरं : अमुकतमुक गुऱ्हाळ. त्या शेडमागच्या खोलीत राहणारं पाचवीतलं एखादं मूल आपल्याला भेटलं असं समजू. काहील कधी उतरवायची, जाळ कधी कमी करायचा, गुळव्या कशावर चिडतो, हे सगळं ते सांगेल. पाटीवरचा शब्द मात्र ‘गु… गुर… गुहाळ’ असं चाचपडत वाचेल. किंवा वाचणारच नाही. पाटी रोज तिथंच असते म्हणून नुसती ओळखेल.

यात त्या मुलाचा काही कमीपणा नाही. ‘गुऱ्हाळ’ हा मराठीतला एक अवघड शब्द आहे आणि अवघडपणा सगळा त्या ‘ऱ्ह’मध्ये साठलेला आहे. आपल्या लिपीतला र बहुरूपी आहे. ‘सूर्य’ लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार होऊन बसतो, ‘चक्र’मध्ये पायाशी तिरकी रेघ होतो, ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली काकपदासारखा लटकतो आणि ‘गुऱ्हाळ’, ‘कऱ्हा’, ‘दऱ्या’ यांत शेजाऱ्याला आडवा चिकटतो. उच्चाराच्या क्रमाला हा र जुमानत नाही. ‘सूर्य’ म्हणताना र आधी येतो, लिहिताना मात्र आपण य काढून मग त्याच्या डोक्यावर रफार देतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. ‘आचार्यांना बोलवा’ म्हटलं तर एक माणूस येईल, ‘आचाऱ्यांना बोलवा’ म्हटलं तर दुसराच, आणि तो झारा घेऊन येईल. हा फरक मोठ्यांना इतका अंगवळणी पडलेला असतो की तो शिकवावा लागतो हेच आपण विसरतो.

आता थोडा हिशेब करू. मराठीत व्यंजनं साधारण पस्तीस. प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेच्या वर आकृत्या झाल्या. त्यांवर जोडाक्षरं. इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला सव्वीस आकार ओळखायचे असतात आणि त्याचा सगळा त्रास पुढं, त्या आकारांच्या लहरी उच्चारांत असतो. आपल्याकडं उलटं आहे. उच्चार बहुतेक ठरलेले, पण आकारांचा पसारा मोठा. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २००७ साली मांडलेला निष्कर्ष मराठी शिक्षकांनीही भिंतीवर लिहून ठेवावा असा आहे : या प्रकारच्या लिपीत अक्षरओळख पहिली-दुसरीत संपत नाही, ती चौथी आणि त्याच्याही पुढं चालूच राहते. म्हणजे पाचवीतलं मूल जोडाक्षराशी अडखळतं तेव्हा ते मागं पडलेलं असेलच असं नाही. कदाचित ते रस्त्यातच असेल, आणि आपण मात्र ‘वाचन संपलं, आता इतिहास काढा’ म्हणून मोकळे झालेलो असू.

पाचवीला नेमकं हेच घडतं. चौथीपर्यंत वस्तीवरची शाळा, एकच गुरुजी किंवा एकच बाई, सगळे विषय त्यांच्याकडंच. मूल कुठं अडतं ते त्यांना ठाऊक असतं. पाचवीला बरीच मुलं गावातल्या हायस्कूलात जातात. दर तासाला नवे सर. घंटा झाली की मराठी संपतं, विज्ञान सुरू होतं. विज्ञानाचे सर म्हणतात, वाचता येत नाही हा मराठीच्या सरांचा प्रश्न. मराठीचे सर म्हणतात, अक्षरओळख हा चौथीच्या गुरुजींचा प्रश्न. चौथीचे गुरुजी पाच किलोमीटरवर असतात. मूल मग एक युक्ती शिकतं : शेजाऱ्याच्या पुस्तकात बघून ओठ हलवायचे.

‘असर’ नावाची पाहणी २००५ पासून गावोगाव घरी जाऊन, एकेका मुलाला समोर बसवून वाचायला लावते. त्यातला सगळ्यात अवघड उतारा दुसरीच्या पातळीचा असतो, आठ-दहा वाक्यांची गोष्ट. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७१ टक्के मुलांना तो वाचता आला. उरलेली मुलं आठवीपर्यंत आली, म्हणजे सात वर्षं त्यांनी ओठ हलवले. शासनाला हे कळत नाही असं नाही. ‘निपुण’ अभियान आहे, वाचन प्रेरणा दिन आहे, महावाचन उत्सव झाला. उत्सवाबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण ज्याला रफार येत नाही त्याला उत्सवात कुठं उभं करायचं हा प्रश्न उरतो. आणि ‘निपुण’चा मूळ भर तिसरीपर्यंतच्या मुलांवर आहे. पाचवी ते आठवी हा मधला घाट तसाच राहतो.

या घाटात काय करता येतं? पहिली गोष्ट इतकी साधी आहे की शिक्षक ती करायला लाजतात. मोठ्यांदा वाचून दाखवायचं. रोज दहा मिनिटं, सातवीच्या वर्गालासुद्धा. वाचून दाखवणं हे बालवाडीचं काम, अशी एक समजूत आहे. पण ज्याचं डोळ्यांचं वाचन तिसरीचं आहे त्याच्या कानाचं वाचन सातवीचं असतं. त्याला कळतं सगळं, फक्त अक्षरांमधून वाट काढता येत नाही. त्याला पुढच्या पानावर काय आहे याची ओढ लागली पाहिजे, आणि ती ओढ ‘कमल नमन कर’नं लागत नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे फुरसुंगीचा. हे गाव पुण्याच्या अलीकडे, दौंडच्याच बाजूला आहे, हे कळल्यावर दौंडची मुलं गोष्टीत आणखी पुढं सरकून बसतील. ओढ लागेल अशा ठिकाणी पुस्तक मिटायचं आणि टेबलावर ठेवून जायचं. मधल्या सुट्टीत कोणीतरी ते उघडणारच.

दुसरी गोष्ट, तेच ते पुन्हा वाचणं. एक परिच्छेद जोडीनं, आळीपाळीनं, तीन दिवस. पहिल्या दिवशी अडखळत, तिसऱ्या दिवशी घडाघडा. शाळेला हे पाठांतर वाटतं, पण कीर्तनकाराच्या मागं टाळ घेऊन उभा राहणारा मुलगा अभंग असाच शिकतो आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही. तिसरी गोष्ट वाचायला काय द्यायचं ही. बालभारती १९७१ पासून ‘किशोर’ मासिक काढते आहे आणि त्याचे जुने अंक तिच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. माधुरी पुरंदरे यांचे ‘वाचू आनंदे’चे भाग आहेत. पुस्तकं नाहीत ही तक्रार आता तेवढी खरी नाही. ती मुख्याध्यापकांच्या कपाटात आहेत आणि किल्ली शिपाईमामांकडं आहे ही तक्रार जास्त खरी आहे.

पण मला या प्रकरणात जे सांगायचं आहे ते वेगळंच आहे. वाचनाचा हा तिढा लिहिण्याच्या बाजूनं लवकर सुटतो.

आपल्याकडं लिहिणं म्हणजे निबंध. निबंधाचे प्रकार तीन-चार, विषय पंधरा-वीस, आणि ते गेल्या दोन-तीन पिढ्यांत फारसे बदललेले नाहीत. ‘माझा आवडता ऋतू’, ‘पाऊस पडला नाही तर’, ‘शेतकऱ्याचे मनोगत’. हे शेवटचं घ्या. दौंडच्या किंवा शेजारच्या शिरूर तालुक्यातल्या वर्गात ते लिहिणाऱ्या किती मुलांचे वडील शेतकरी असतात! मूल मात्र गाईडातला शेतकरी उतरवतं. तो शेतकरी काळ्या आईची सेवा करतो, घाम गाळतो, मुसळधार पावसानं आनंदित होतो आणि शेवटी ‘मी जगाचा पोशिंदा आहे’ म्हणतो. घरचा शेतकरी रात्री साडेबाराला लाईट आली म्हणून मोटार चालू करायला उठतो, बॅटरी सापडत नाही म्हणून वैतागतो, कारखान्याचं बिल कधी निघणार म्हणून फोन करतो. तो निबंधात येत नाही. त्याला यायची परवानगी आहे हे मुलाला कोणी सांगितलेलंच नसतं.

मराठीतला शाळकरी वयातला सर्वांत गाजलेला निबंध गाईडातला नाही. पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिनं तो लिहिला तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा तो निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदया’त दोन अंकांत छापून आला. आज आपण तो दलित साहित्याच्या आणि स्त्रीलेखनाच्या इतिहासात वाचतो आणि ते योग्यच आहे. पण तो शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातही यायला हवा. मुक्ताच्या निबंधाला मुद्देसूद आराखडा दिलेला नव्हता. तिच्यापाशी सांगण्यासारखं काही होतं आणि वाचायला शिकवणाऱ्यांनी तिला ते सांगू दिलं. आजच्या भाषेत आपण तिला आठवी-नववीची विद्यार्थिनी म्हणू.

दौंड तालुक्यालाही या बाबतीत एक वारसा आहे, आणि तो गुऱ्हाळांच्या शेजारीच, केडगावात आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून अनाथ मुलींना आणि विधवांना इथं आणलं. १९०० च्या सुमारास गुजरातेतल्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. शेकडो मुली, निरनिराळ्या बोलींच्या, बहुतेकींनी कधी पाटी हातात न धरलेली. मुक्ति मिशनमध्ये त्या वाचायला शिकल्या, आंधळ्या मुलींसाठी ब्रेल होतं, आणि तिथं छापखाना होता. रमाबाईंनी बायबलचं मराठी भाषांतर हिब्रू-ग्रीक मुळांवरून स्वतः केलं. संस्कृतप्रचुर मराठी खेड्यातल्या बायकांना झेपत नाही, म्हणून साध्या शब्दांचा त्यांचा आग्रह होता. संस्कृतच्या पंडिता म्हणून ज्यांचा कलकत्त्यात गौरव झाला त्यांनी हा आग्रह धरावा, हे मला त्यांच्या विद्वत्तेपेक्षाही मोठं वाटतं. १९२२ साली रमाबाई गेल्या आणि संपूर्ण भाषांतर १९२४ साली बाहेर पडलं. छापलं केडगावातच, मिशनमधल्या मुली-बायकांनी.

छापखान्यात खिळे जुळवणं हे वाचनाचं सर्वांत कसून केलेलं शिक्षण आहे. जुळाऱ्यासमोर खणाखणांची पेटी असते. देवनागरीसाठी शेकडो खण, कारण अर्धा क वेगळा, रफार वेगळा, रुकार वेगळा. एकेक खिळा उचलून, उलट्या आरशातल्यासारख्या अक्षरांची ओळ लावायची. ‘गुऱ्हाळ’ जुळवायला बसलेल्या मुलीला त्यातला र कुठल्या खणात आहे हे हाताला माहीत असावं लागतं. ती तो शब्द पुन्हा कधी चुकायची नाही. जी अक्षरं हातानं घडवली ती डोळ्याला परकी राहत नाहीत.

योगायोग असा की त्याच १९२४ च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिणेला, बार-सुर-लू नावाच्या खेड्यात सेलेस्तँ फ्रेने या शिक्षकानं वर्गात एक छोटं छपाईयंत्र आणलं. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुप्फुसाला इजा झाली होती, त्याला फार वेळ बोलवत नसे. मुलांना तो बाहेर फिरायला नेई, परत आल्यावर मुलं जे पाहिलं ते लिहीत, वर्ग मिळून त्यातलं एक लिखाण निवडी, आणि मुलं ते स्वतः जुळवून छापत. तेच त्यांचं वाचनपुस्तक. पुढं ही पानं ब्रिटनीतल्या एका शाळेला जाऊ लागली आणि तिकडून तिथल्या मुलांची पानं येऊ लागली. केडगाव आणि बार-सुर-लू यांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही. एकीकडं धर्मग्रंथ, दुसरीकडं पोरांच्या गप्पा. पण वाचणाऱ्याच्या हाती छपाई देण्याची कल्पना दोन्हीकडं एकच.

आज छापखान्याची गरज नाही. शाळेत झेरॉक्स नसलं तर शाळेबाहेरच्या दुकानात असतं. हस्तलिखित काढायची प्रथा तर आपल्या शाळांत जुनीच आहे, फक्त तिचं काय होतं ते सांगतो : वर्गातल्या ज्या चार मुलींचं अक्षर मोत्यासारखं आहे त्या सगळं उतरवून काढतात, कडेनं वेलबुट्टी रंगवतात, आणि ते पाहुणे आले की दाखवायला कपाटात जातं. ज्याचं अक्षर कोंबडीच्या पायांचं आहे त्याचं काही त्यात नसतं. त्यापेक्षा फळ्याशेजारी दोरी बांधावी, कपडे वाळत घालायचे चिमटे लावावेत आणि दर आठवड्याला सगळ्यांची पानं टांगावीत. शिरूरच्या पाबळकडची कोरडवाहू बाजू आणि दौंडची बागायत यांत भीमा तर आहेच, शिवाय दोन जगांचं अंतर आहे. पाबळच्या सहावीनं दौंडच्या सहावीला लिहावं. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं. दौंडच्या मुलांनी रेल्वेबद्दल सांगावं : मनमाडकडून येऊन पुण्याला जाणाऱ्या गाडीचं इंजिन दौंडात काढून दुसऱ्या टोकाला लावायचे आणि मधल्या वेळात फलाटावर काय काय विकलं जायचं, हे आजोबांना विचारून लिहावं. आता कॉर्ड लाईन झाल्यानं बऱ्याच गाड्या जंक्शनात शिरतच नाहीत. पाबळच्या मुलांना टँकर माहीत आहे, मस्तानीची कबर माहीत आहे. उत्तर येणार आहे हे कळलं की मूल अक्षर नीट काढतं. त्याला ‘सुवाच्य लिहा’ म्हणावं लागत नाही.

लिहायचं कशावर? इथं शिरूरची बाजू घेतो.

शिरूर म्हणजे घोडनदी. त्या नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ पासून तिथं वर्षानुवर्षं उत्खनन केलं आणि इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आणली. घरं, धान्याच्या बळदा, पाणी वळवायचा पाट आणि बांध. घराच्या जमिनीखाली लहान मुलांची दफनं सापडली, दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली. एका मोठ्या घरात चार पायांचा मातीचा रांजण निघाला, त्यात बसवलेला एक माणूस. इतिहासात ताम्रपाषाण हा शब्द येतो आणि मुलं तो जोडाक्षराच्या भीतीनं गिळून टाकतात. पण आपल्याच तालुक्यात, आपल्याच नदीवर, आपल्यासारखाच पाट काढणारी माणसं तीन हजार वर्षांपूर्वी होती हे सांगून विचारा, ‘त्या घरातल्या तुमच्या वयाच्या मुलीनं तो रांजण पाहिला असेल. त्या रात्री ती आईला काय म्हणाली असेल?’ ही झाली कल्पना. मात्र तिला पाया आहे. ‘मी पक्षी झालो तर’मध्ये कल्पनेला टेकायला जागाच नसते, म्हणून सगळी मुलं एकसारखी उडतात.

सविंदणे हे शिरूर तालुक्यातलंच गाव. गी पॉयत्व्हां आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्यांचा जो लाखाच्या वर संग्रह जमवला, त्यात या गावच्या बायकांच्या ओव्याही आहेत. जातं आता घरात असलं तरी दारात पालथं पडलेलं असतं. पण आजीच्या तोंडी दोन-चार ओव्या उरलेल्या असतात. मुलांनी त्या ऐकून उतरवाव्यात. इथं एक गंमत होते. आजी ‘ल्येक’ म्हणते, पुस्तक ‘लेक’ म्हणतं. काय लिहायचं? मूल प्रथमच थांबून कानाला विचारतं की हा आवाज अक्षरात कसा उतरेल. ल ला य जोडायचा, मग मात्रा. कुणीही न शिकवता ते जोडाक्षर घडवतं. शंभर शब्दांच्या श्रुतलेखनापेक्षा हे मोलाचं, कारण श्रुतलेखनात उत्तर आधीच ठरलेलं असतं.

आणि मग बिबट्या. यावर लिहिल्याशिवाय आज शिरूरच्या मुलांबद्दल काही लिहिणं खोटं ठरेल. ऊस वाढला, बारमाही झाला, आणि त्यात बिबट्यांची पिल्लं जन्मू लागली. जुन्नर वनविभागाच्या जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत हे आहे. २०२५ च्या दिवाळीच्या आगेमागे पिंपरखेड परिसरात हल्ल्यांत माणसं गेली, त्यांत मुलंही होती. शेतात जाणाऱ्या बायाबापड्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातल्याचे फोटो सगळ्यांनी पाहिले. त्या गावच्या वर्गात ‘माझा आवडता प्राणी’ हा विषय देणाऱ्याला काय म्हणावं? आणि ‘माझा नावडता प्राणी’ हाही विषय देऊ नये. मुलांना बोलायचं असतं, पण परीक्षेच्या गुणांसाठी नाही. अशा वेळी शिक्षकानं विषय न देता कागद द्यावा. ज्याला लिहायचं त्यानं लिहावं, ज्याला चित्र काढायचं त्यानं काढावं, ज्याला काहीच नको त्याला सोडून द्यावं. ते पान तपासू नये, दोरीवर टांगू नये, मुलानं सांगितल्याशिवाय वाचूही नये. लिहिण्यानं भीती जाते असा दावा मी करणार नाही. पण शाळेतली भाषा आपल्या रात्रीबद्दल बोलायला चालते, हे मुलाला कळतं, आणि ज्या भाषेत आपली रात्र मावते ती भाषा वाचायला मूल घाबरत नाही.

सगळी मुलं गावची नसतात, हेही ध्यानात ठेवावं लागतं. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या येतात, बीडकडून, अहिल्यानगरकडून. फडाच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. ती मुलं मार्च-एप्रिलपर्यंत इथली. रांजणगाव, सणसवाडीच्या कारखान्यांमुळं हिंदी बोलणारी मुलं मराठी शाळेत येतात. ऊसतोडीच्या मुलाला मोळी कशी बांधतात, वाढं कशाला म्हणतात, पहाटे फडात कोण आधी शिरतो हे ठाऊक असतं. वर्गात यावर बोलू शकणारं तेच एकटं असतं. पण बहुधा त्याला शेवटच्या बाकावर बसवून अक्षरं गिरवायला दिलेली असतात, कारण ते ‘चार महिन्यांचं’ असतं.

आता शुद्धलेखन, कारण शिक्षकांचा पहिला प्रश्न तोच असतो. असं मोकळं लिहू दिलं तर ऱ्हस्व-दीर्घाचं काय? प्रश्न रास्त आहे. ‘शिरूर’मधला रू दीर्घ, पण ‘शिरुरात’ म्हणताना तोच ऱ्हस्व होतो. आपल्याच तालुक्याचं नाव घरात एक आणि घराबाहेर दुसरं, हे मुलाला चमत्कारिक वाटलं तर नवल नाही. नियम शिकवावाच लागतो. प्रश्न फक्त केव्हा, आणि एका वेळी किती, हा आहे. लाल शाईनं भरलेलं पान मूल वाचत नाही, ते फक्त किती लाल आहे ते बघतं. त्यापेक्षा पहिल्या वाचनात मजकुरावर एक प्रश्न विचारावा : मग पुढं काय झालं? गुळव्या का चिडला? मुलानं उत्तर लिहिलं की मजकूर वाढतो. दुसऱ्या वाचनात या आठवड्यात एकच गोष्ट बघायची, समजा रफार. बाकीच्या चुकांकडं त्या आठवडाभर काणाडोळा. शिक्षकाला हे फार जड जातं, मला ठाऊक आहे. ज्यांना वाक्यरचनेचं काम बारकाईनं करायचं आहे त्यांच्यासाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘लिहावे नेटके’ आहे, आणि ते मुलांइतकंच शिक्षकांनीही सोडवावं.

मोठं लिखाण घडवायची एक रीत इटलीतल्या बार्बियाना या डोंगरी वस्तीतल्या मुलांनी दाखवली. लोरेंझो मिलानी या पाद्र्याच्या शाळेतल्या, नापास ठरवून बाहेर काढलेल्या आठ मुलांनी १९६७ साली एका शिक्षिकेला उद्देशून पुस्तक लिहिलं. मराठीत ते ‘प्रिय बाई’ म्हणून आलं आहे. ते लिहिताना प्रत्येकाच्या खिशात वही असायची, सुचेल ते टिपायचं. मग सगळ्या चिठ्ठ्या एका मोठ्या टेबलावर पसरायच्या, सारख्या चिठ्ठ्या एकत्र, दुहेरी झालेल्या बाद. मग क्रम. मग जो शब्द काढला तरी चालतं तो काढायचा. लिहिणं म्हणजे आकाशातून काही उतरणं नाही, ते सुतारकाम आहे, हे त्या मुलांना टेबलाभोवती उभं राहून कळलं. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून हातानं काम करत शिकण्याचा जो मार्ग दाखवला, त्याच्या जवळचीच ही गोष्ट. फरक इतकाच की इथं लाकडाऐवजी वाक्यं.

हीच रीत घेऊन पारगावच्या एखाद्या सातवीनं ‘गूळ कसा होतो’ हे लिहायला घेतलं, असं समजू. चार मुलं गुऱ्हाळावर गेली, चिठ्ठ्या भरून आली. टेबल नाही, म्हणून वर्गाच्या फरशीवर पसरल्या. चरक, रस, काहील, चुलाण, चिपाडांचा जाळ, वर येणारी मळी, ती काढायचा मोठा झारा, काकवी, ढेप. मळी आधी की काकवी आधी यावर भांडण झालं, पुन्हा जाऊन विचारून आले. शीर्षक लिहिताना ‘ऱ्ह’ फळ्यावर तीनदा चुकला आणि चौथ्यांदा बरोबर आला. मग सगळी जणं ते पान घेऊन गुऱ्हाळावर गेली आणि ज्या मुलाचं वाचन वर्गात सगळ्यात कच्चं, त्यानंच ते गुळव्याला वाचून दाखवलं. त्यानं ते आदल्या दोन दिवसांत सहा वेळा वाचलेलं होतं.

गुळव्यानं हातातला झारा न थांबवता ऐकलं. मग म्हणाला, ‘‘समदं लिवलंय, पर भेंडी कुठंय? रानभेंडीचं पाणी टाकल्याबिगर मळी वर येतीय व्हय?’’

पोरांनी तिथंच, चिपाडाच्या ढिगावर बसून, नवी चिठ्ठी काढली.